आवारशास्त्र, अर्थात कचारगडच्या पायथ्याचे पक्षी चैत्र-वैशाखात काय करतात याविषयी एक अनावश्यक प्रबंध

कचारगडाविषयी ज्यांना काही महत्त्वाचे वाचायचे आहे त्यांनी हा प्रबंध येथेच खाली ठेवावा. गोंदिया जिल्ह्यात, सालेकसा तालुक्यातल्या या डोंगरात प्रचंड नैसर्गिक गुहा आहे. माघ पौर्णिमेला तिथे गोंड समाजाची यात्रा भरते, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणातून माणसे येतात, पारी कुपार लिंगो आणि जंगो रायतार यांच्या कथा पुन्हा सांगितल्या जातात. त्यावर जाणत्यांनी लिहिले आहे, पुढेही लिहितील. मोठ्या विषयांना मोठी माणसे मिळतातच. प्रश्न उरतो तो यात्रा उठून गेल्यावर मागे राहणाऱ्या बारीकसारीक गोष्टींचा. प्रस्तुत प्रबंधकाराने त्या आपल्या अंगावर घेतल्या आहेत. कोणी सांगितले नव्हते.

प्रबंधाचे क्षेत्र म्हणजे डोंगराच्या पायथ्याशी, धनेगाव-दरेकसा बाजूला असते तसे एक घर आणि त्याची सांदवाडी. तिच्यात एक आंबा, एक मुनगा, कुंपणाच्या तारेपलीकडे मोहाचे झाड, दोरीवर वाळत घातलेले कपडे, भाच्याची मोटारसायकल आणि पाण्याने भरलेले मातीचे परळ. घराचे निम्मे छप्पर कवेलूचे आहे आणि निम्मे स्लॅबचे. वाचकाने ही शेवटची बाब लक्षात ठेवावी, पुढे ती पुराव्यात येणार आहे. प्रबंधाचा काळ होळी पेटल्यापासून नवतपा लागेपर्यंत. 25 मेच्या सुमारास नवतपा लागला की पक्षीही बोलत नाहीत आणि प्रबंधकारही ओसरीबाहेर येत नाही. तेव्हा त्या नऊ दिवसांविषयी आवारशास्त्र मौन बाळगते.

पूर्वसूरींचे स्मरण केल्याशिवाय शास्त्र सुरू करू नये असा दंडक आहे. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने बृहत्संहितेत कावळ्यांवर आख्खे प्रकरण खर्च केले, त्याचा समाचार पुढे घेऊ. तेराव्या शतकात हंसदेव नावाच्या जैन पंडिताने मृगपक्षिशास्त्र लिहिले. त्याचे मराठी भाषांतर केले मारुती चितमपल्ली यांनी, जे याच जिल्ह्यातल्या नवेगावबांधला वनाधिकारी म्हणून राहिले होते. ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांची आठवण शाळेत 1885 च्या काँग्रेसमुळे ठेवतात, पण त्याआधी त्यांनी हिंदुस्थानातल्या पक्ष्यांची घरटी आणि अंडी यांवर ग्रंथ लिहिला होता. पुढच्या मोठ्या ग्रंथासाठी वर्षानुवर्षे जमवलेली त्यांची हस्तलिखिते सिमल्यात नोकराने रद्दीच्या भावाने बाजारात विकली. ह्यूम यांनी नंतर पक्ष्यांचा नाद सोडला. आमच्या घरीही रद्दीवाला महिन्याला येतो, म्हणून या प्रबंधाची वही ट्रंकेत कुलूप लावून ठेवली आहे. आमच्या वहीला रद्दीतही भाव येणार नाही असे आजीचे म्हणणे आहे. ते अद्याप सिद्ध झालेले नाही.

याच डोंगरातल्या एका जुन्या मांडणीचा उल्लेख करायला हवा, आणि तो गमतीने नव्हे. कोया पुनेम या गोंडी धर्माचे अभ्यासक सांगतात की गोंडांची 750 कुळे, आणि प्रत्येक कुळाने एक प्राणी, एक पक्षी आणि एक झाड जपायचे. हिशेब 2250 वर जातो. वर्गीकरण आणि कामाची वाटणी एकाच पंक्तीत बसवणारी ही व्यवस्था आमच्या वहीपेक्षा फार पुढची आहे. आम्ही पक्ष्यांना नुसते मोजतो.

आता सिद्धांत. चैत्र-वैशाखात आवारातला प्रत्येक पक्षी जे जे करतो ते ते घरकुलासाठी करतो. गाणे, भांडणे, चोरी, ठोकाठोकी, अंगावर धावून जाणे, दुसऱ्याच्या दारात उगाच उभे राहणे, ही सर्व एकाच अर्जाची वेगवेगळी सहपत्रे आहेत. ज्याला हे समजले त्याला पक्षीही समजले आणि ग्रामपंचायतही समजली. वरवर पाहता हा सिद्धांत कोणालाही सुचेल असा आहे. पण वरवर न पाहता तो कोणाला सुचला होता, हे आम्हाला कोणी दाखवून द्यावे.

पहिला साक्षीदार तांबट. हा मुठीत मावेल एवढा हिरवा पक्षी, कपाळावर लाल टिळा, गळा पिवळा. थंडीभर त्याचा आवाज जवळजवळ नसतो आणि माघ सरता सरता आंब्याच्या शेंड्यावरून टुक-टुक-टुक सुरू होते. गती मिनिटाला शंभराच्या वर आणि त्यात चढउतार नाही. हा ठोका देताना त्याची चोच बंद असते. गळ्याच्या बाजूची कातडी फुगते आणि बसते, तेवढ्यावर सगळा कारखाना चालतो. शिवाय तो ठोक्याठोक्याला डोके वळवतो, त्यामुळे आवाज कधी आंब्यावरून, कधी शाळेमागून आल्यासारखा वाटतो आणि त्याला शोधणारा माणूस मान मोडून घेतो. गोंदिया जिल्हा 1 मे 1999 रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला. तेव्हा पितळी भांड्यांचा जुना धंदा भंडाऱ्याकडे राहिला आणि ठोकणारा तेवढा आमच्या वाट्याला आला, अशी आमची तक्रार आहे. दिवसभर ठोकून एक वाटीही तयार होत नाही.

पण सिद्धांत लावा म्हणजे उलगडा होतो. हा ठोका म्हणजे जाहीर नोटीस आहे: येथे नर आहे, येथे जागा आहे, इच्छुकांनी संपर्क साधावा. जोडी जमली की दोघे मिळून वाळक्या किंवा पोचट फांदीत ढोली कोरतात. आमच्या तांबटाने मुनग्याची फांदी निवडली. मुनग्याचे लाकूड किती ठिसूळ असते ते शेंगा काढायला त्यावर चढलेल्या प्रत्येक मुलाला ठाऊक आहे. तांबट त्यावर चढत नाही, आत शिरतो, त्यामुळे जे मुलाला तोट्याचे तेच त्याला फायद्याचे ठरते. खाली पडलेला भुसा पाहून आजी म्हणाली, "मुनग्याले कीड लागली." तिला वर बोट करून दाखवल्यावर तिने मत बदलले नाही, फक्त किडीचा आकार वाढवला.

दुसरे प्रकरण मोटारसायकलचे. भाच्याच्या गाडीला दोन आरसे आहेत, आणि होळीपासून त्यांतल्या उजव्या आरशावर एका शिंजिराने हक्क सांगितला आहे. शिंजिराचा नर एरवी मळकट रंगाचा. विणीच्या दिवसांत तो असा निळा-जांभळा चमकतो की वऱ्हाडी मंडळींनी लाजावे. आरशात त्याला तसाच चमकणारा दुसरा नर दिसतो आणि तो दुसराही नेमका त्याच वेळी त्याच्यावर धावून येतो. समोरचा कधी माघार घेत नाही, कारण आपण घेतल्याशिवाय त्याला घेता येत नाही. वर्गातल्या मुलांना न्यूटनचा तिसरा नियम शिकवताना आम्हाला इतके चांगले उदाहरण कधी मिळाले नव्हते. दयाळही हाच उद्योग करतो, पण तो निदान पहाटे उत्तम गातो, त्यामुळे त्याला माफ करण्याकडे लोकांचा कल असतो.

या सर्व काळात शिंजिराची मादी काय करते? ती घर बांधते. कपडे वाळत घालायच्या दोरीच्या टोकाला, भाच्याने सोडून दिलेल्या वायरच्या तुकड्यावर, कोळ्याचे जाळे, गवत, सालीचे कपटे आणि अळ्यांची विष्ठा असा माल लावून तिने लोंबते घरटे विणले. लांबून पाहिले तर कचरा अडकला आहे असे वाटावे, हेच त्याचे वास्तुशिल्प. अंडी तीच उबवते. नर पिले भरवताना मदतीला येतो असे निरीक्षकांनी नोंदवले आहे, आणि आम्हीही ते पाहिले. मात्र भरवून झाल्यावर तो थेट आरशाकडे जातो. भाच्याने शेवटी आरशाला जुना मोजा घातला. शिंजीर डाव्या आरशाकडे वळला. आता गाडीला दोन मोजे आहेत आणि गाव भाच्याला विचारते की गाडीले थंडी वाजते का?

होल्यांविषयी. होले चार काड्या आडव्या टाकतात आणि त्यावर दोन अंडी घालतात. खालून पाहिले तर अंडी दिसतात. याहून अधिक बांधकाम नसल्यामुळे याहून अधिक विवेचनही नाही.

आता कावळा, आणि येथे प्रबंधाला थोडा दम घ्यावा लागेल, कारण विषय राष्ट्रीय महत्त्वाचा आहे. वराहमिहिर सांगतो की वैशाखात कावळ्याने चांगल्या, निकोप झाडावर घरटे केले तर सुकाळ, आणि वाळक्या किंवा काटेरी झाडावर केले तर दुष्काळाचे भय. हेच मत आज विदर्भातल्या कोणत्याही पारावर ऐकायला मिळते: आंब्यावर घरटे म्हणजे पाऊस बरा, बाभळीवर घरटे म्हणजे धानाचे काही खरे नाही. चौदा-पंधरा शतके टिकलेले मत खोडून काढायचे तर निरीक्षण पक्के हवे, म्हणून आम्ही गावातली घरटी पाहून आलो. एक घरटे आंब्यावर होते. एक बाभळीवर. एक मोबाइलच्या टॉवरवर, ज्याविषयी वराहमिहिर काही सांगत नाही.

पूर्वपक्ष म्हणेल, एकाच गावात सुकाळ आणि दुष्काळ दोन्ही कसे? उत्तर असे की मामा (माजी मालगुजारी) तलावाच्या खालचे शेत आणि टेकडीवरचे शेत असलेल्या गावात हे दरवर्षीच होते, त्याला कावळा लागत नाही. हवामान खातेही मोसमी पावसाचा पहिला अंदाज एप्रिलमध्ये देते आणि पुढे सुधारतो म्हणते. कावळा सुधारित अंदाज देत नाही, तो सरळ अंडी घालतो. राहिले टॉवरचे. तिथे चढायला साप नाही, मुले नाहीत, सावली नाही एवढीच अडचण. घरट्यात काड्यांसोबत बाइंडिंगची तार होती, आणि ती आमच्याच कुंपणाची होती, कारण कुंपणाला त्या जागी आता सुतळी आहे. माल आमचा, बांधकाम त्याचे, टॉवर कंपनीचा. अशी भागीदारी कागदावर करायची तर तिघांनाही तालुक्याला चार हेलपाटे घालावे लागले असते.

येथे विरोधी पक्ष आपला हुकमी एक्का काढतो. तो म्हणतो, घरकुल हाच सर्व वर्तनाचा हेतू असेल तर कोकिळाचे काय? तो तर काडी उचलत नाही. पहाटे चारपासून गळा फाडून ओरडतो आणि मादी कधी घरटे बांधत नाही. मग तुमचा सिद्धांत कोसळला की नाही?

कोसळला नाही. उलट याच ठिकाणी तो सर्वांत घट्ट उभा आहे. प्रथम, ओरडणारा नर असतो. काळा, चमकदार, लाल डोळ्यांचा. मादी तपकिरी, अंगभर ठिपके असलेली, आणि तिचा आवाज किक्-किक् असा, ज्यावर कोणी कविता केल्याचे आमच्या ऐकण्यात नाही. दुसरे असे की घराची जेवढी चिंता कोकिळ जोडप्याला आहे तेवढी आवारात कोणालाच नाही. फरक एवढाच की त्यांची चिंता दुसऱ्याच्या घराबद्दल असते. कावळा काडी कधी आणतो, अस्तर कधी लावतो, कावळी पहिल्यांदा कधी बसते, याची नोंद त्यांच्याइतकी आम्हीही ठेवली नाही. नर समोर येऊन कावळ्यांना डिवचतो, ते त्याच्यामागे लागतात, आणि तेवढ्यात मादी आपले अंडे ठेवून जाते, असे जुन्या निरीक्षकांनी लिहून ठेवले आहे. कोकिळेचे पिल्लू कावळ्याच्या पिलांआधी अंड्यातून बाहेर येते, म्हणजे ताटावर पहिला नंबर त्याचा. कावळ्यासारखा हुशार पक्षी, जो आमच्या हातातला दगड सुटण्याआधी उडतो, त्याला आपल्या पंगतीतला पाहुणा ओळखता येत नाही. शाळेत हजेरी घेणाऱ्या माणसाला यात नवल वाटत नाही.

पावशाचे तेच, फक्त त्याने घरमालक म्हणून सातभाई निवडले. सातभाई हे आवारातले एकत्र कुटुंब. ते सात असतातच असे नाही, आणि त्यात बहिणीही असतात. एकाची पिले सगळे मिळून भरवतात, सापावर सगळे मिळून ओरडतात, आणि भांडतातही सगळे मिळून. एवढ्या गर्दीत एक जास्तीचे पिल्लू कोणी मोजत नाही, हे पावशाला कळले आहे. तो स्वतः एप्रिल संपता संपता वरच्या पट्टीत 'पेरते व्हा' असे बजावू लागतो. आमच्याकडचा शेतकरी धानाचे पऱ्हे मृगाच्या आसपास टाकतो, त्यामुळे या सूचनेवर कोणी कार्यवाही करत नाही. त्यातही डोंगरापलीकडे डोंगरगडच्या बाजूला लोक म्हणतात की तो 'पी कहाँ' असे विचारतो. एकच पक्षी सकाळी महाराष्ट्रात शेतीचा सल्ला देतो आणि दुपारी छत्तीसगडात प्रियेचा पत्ता विचारतो. आंतरराज्य स्वरूपाचे प्रकरण असल्यामुळे आम्ही त्यात पडत नाही.

आता मोह. मार्च-एप्रिलमध्ये या पट्ट्यात जे काही घडते ते मोहाच्या झाडाखाली किंवा मोहाच्या झाडावर घडते. फुले रात्री उमलतात, पहाटे टपटप गळतात, आणि उजाडायच्या आत बाया-मुले टोपल्या घेऊन झाडाखाली हजर असतात. वेचलेली फुले आवारात पसरून वाळवतात. दोन-चार उन्हे लागली की मलईच्या रंगाचे रसरशीत फूल मनुक्यासारखे तांबूस आकसते. या वाळवणावर पाखरांची जी नजर असते तिच्यामुळे आवारशास्त्राला कायद्याची बाजू आली.

साळुंकी, बुलबुल, टकाचोर, पोपट हे सर्व फुले खातात, झाडावरचीही आणि जमिनीवरचीही. शहरातून येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो की पाखरे मोह खाऊन झिंगतात का. ही निव्वळ बदनामी आहे. ताज्या फुलात साखर भरपूर असते, दारू नसते. दारू व्हायला ती फुले भिजवून आंबवावी लागतात, भट्टी लावावी लागते, आणि ते काम कोणत्याही पाखराने आजवर केलेले नाही. भट्टीवर कोण सापडले हे तपासायचे तर ठाण्यातली नोंदवही पाहावी, तिच्यात एकही बुलबुल मिळणार नाही. साळुंकी झाडाखाली झुलत चालते ती तिची नेहमीची चाल आहे.

बदनामी दूर झाली तरी हक्काचा प्रश्न शिल्लक राहतो. 2006 च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर वनात राहणाऱ्यांचा मालकी हक्क मान्य केला, मोहफूल त्यात येते. जे अनुसूचित जमातीतले नाहीत त्यांना 13 डिसेंबर 2005 पूर्वी तीन पिढ्या, म्हणजे 75 वर्षे, तिथे वास्तव्य असल्याचे दाखवावे लागते. बुलबुलाने दावा दाखल केला तर? तीन पिढ्या तो चार-पाच वर्षांत सहज दाखवील. पण कायद्याने एक पिढी 25 वर्षांची धरली आहे, आणि तिथेच त्याचे प्रकरण अडकेल. अर्थात पुराव्यादाखल गावातल्या वडीलधाऱ्यांचे निवेदन चालते, म्हणून आम्ही आजीला विचारले. ती म्हणाली, "माह्या लग्नात मी आली तवापासून हे बुलबुल इथंच हाये." हे निवेदन बुलबुलाच्या बाजूने जबरदस्त आहे. पण ते देताना आजीच्या हातात बुलबुल हाकलायची काठी होती, त्यामुळे साक्षीदाराच्या भूमिकेविषयी शंका राहते.

शेजारच्या काकू या शास्त्राच्या पहिल्या टीकाकार. त्या कुंपणापलीकडून हे सर्व पाहत होत्या. "काहून जी मास्तर, पाखरं हाकलाचं सोडून काय लिवून राह्यले?" असे त्यांनी विचारले. पाखरे हाकलली तर लिहायचे काय, हे उत्तर त्यांना पटले नाही. त्यांनी आपल्या वाळवणावर जुनी साडी पसरली. बुलबुल साडीच्या कडेखाली शिरून खाऊ लागला, म्हणजे आता त्याला सावलीही मिळाली.

मोहाचा घरकुलाशी संबंध काय, असे विचारणारा वाचक सावध आहे, त्याचे अभिनंदन. संबंध असा की बांधकामाच्या दिवसांत मजुराला भाकरी जवळ लागते. पिले मोठी करायला किडे-अळ्या लागतात हे खरे, पण आईबापांना स्वतःला दिवसभर धावायला साखर लागते, आणि होळीपासून अक्षय तृतीयेपर्यंत ती या झाडाखाली फुकट पडलेली असते.

पाण्याचे प्रकरणही याच अंगाने वाचावे. पाखरांना घाम येत नाही, त्यांच्या कातडीत घामाच्या ग्रंथीच नाहीत. अंगाचे तापमान मुळातच आपल्यापेक्षा तीन-चार अंशांनी जास्त. त्यामुळे पारा 40 च्या वर गेला की कावळा चोच उघडी ठेवून धापा टाकत बसतो. हे पाहून "कावळा हसतो" असे मुले म्हणतात. तो हसत नसतो, घशातल्या ओलाव्यावर हवा खेळवून अंग थंड करत असतो. परळातल्या पाण्याची वाटणी पुढीलप्रमाणे होते: बुलबुल पाणी पितो, साळुंकी अंघोळ करते, आणि कावळा त्यात शिळ्या पोळीचा तुकडा भिजवतो. तिघांच्या या तीन धर्मांमुळे दुपारी बारापर्यंत परळात जे द्रव्य उरते त्याला पाणी म्हणणे शास्त्राला धरून नाही. आम्ही तीन परळे ठेवून पाहिली. साळुंकीने तिन्हींत अंघोळ केली. ती ज्या ढोलीत राहते तिथे पोपटाचे बिऱ्हाड होते, ते तिने कसे काढले ते मुनग्याखाली पडलेल्या हिरव्या पिसांवरून समजून घ्यावे. अधिक तपशील या प्रबंधाच्या विनोदी स्वरूपाला झेपणार नाही.

रात्रपाळीला पिंगळा असतो. तो कवेलूखाली राहतो, माणसाकडे पाहून मान खालीवर करतो आणि काही म्हणत नाही.

सुगरणीचा समावेश का केला नाही, असा आक्षेप येणारच. मुदतीत अर्ज न आल्यामुळे. सुगरण पक्षी पावसाळ्याच्या तोंडाशी विणायला घेतो, विणतो तो नर, आणि अर्धवट घरटे पाहायला येणारी मादी ते पसंत पडल्याशिवाय राहायला येत नाही. सालीम अली यांनी 1930 मध्ये अलिबागजवळ किहीमला शिडी लावून दिवसच्या दिवस हे पाहिले आणि एक नर अशी एकामागून एक घरे बांधून एकामागून एक संसार थाटतो हे मांडले. फार मोठे काम. पण ते पावसाळ्यातले, कोकणातले, आणि शिडीवरचे. आमच्या तीनही अटींत बसत नाही. जाता जाता एवढेच नोंदवतो की सालीम अली आणि चितमपल्ली यांच्या जन्मदिवसांमुळे महाराष्ट्रात पक्षी सप्ताह 5 ते 12 नोव्हेंबर या काळात होतो. त्या वेळी हवा आल्हाददायक असते, भाषणे चांगली होतात, आणि आवारातल्या बहुतेक पाखरांचा वर्षाचा मुख्य कारभार उरकून गेलेला असतो. एप्रिलच्या दुपारी कोणी सप्ताह ठेवत नाही. व्यासपीठावर चोच उघडी टाकून बसायची तयारी लागते.

शेवटचे आणि सर्वांत लांबलेले प्रकरण चिमणीचे. 20 मार्चला जागतिक चिमणी दिवस असतो. तो 2010 पासून पाळला जातो आणि त्यामागे नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या संस्थेचा पुढाकार आहे. आमच्या शाळेत त्या दिवशी मुले चिमणीचे चित्र काढतात. चित्रात चिमणी झाडावर असते. खरी चिमणी सहसा झाडावर घर करत नाही, तिला माणसाचे घर लागते: कवेलूची फट, वाशाची बगल, भिंतीवरच्या तसबिरीमागची जागा. कवेलूचे छप्पर दरवर्षी पावसाआधी फेरावे लागते, आणि फेरणारा कितीही कसबी असला तरी फटी राहतातच. त्या फटींवर चिमण्यांच्या कित्येक पिढ्या वाढल्या.

मग आमच्या गल्लीत घरकुले मंजूर झाली. माणसांना पक्की घरे मिळाली, पावसात भांडी मांडून ठेवायची गरज संपली, साप-विंचवांची भीती कमी झाली. याला नावे ठेवणारा माणूस बहुधा स्वतः स्लॅबखाली झोपत असतो. पण स्लॅबला फट नसते. एका योजनेने माणसाला घर दिले आणि त्याच गवंड्याने त्याच थापीने चिमणीची फट बुजवली, आणि दोन्ही कामे एकाच बिलात आली. आमचे घर अर्धे-अर्धे असल्यामुळे पुरावा समोरासमोर आहे: कवेलूच्या बाजूला चिवचिव, स्लॅबच्या बाजूला पंखा. स्लॅबवर आम्ही लाकडी खोकी टांगली. पहिल्या वर्षी त्यात मुंग्या राहिल्या.

चिमण्यांनी मात्र स्लॅबच्या बाजूला एक जागा शोधून काढली. विजेच्या मीटरच्या डब्याचे झाकण तुटले आहे, आणि मीटर आणि भिंत यांच्यामध्ये जेवढी बोळ आहे तेवढी त्यांना पुरते. चैत्रात नर गवत, कापूस, आजीच्या झाडूची काडी असे घेऊन आत-बाहेर करू लागला. जागा ताब्यात घेतल्यावर तो डब्याच्या कडेवर बसून दिवसभर चिवचिवला, म्हणजे सिद्धांतानुसार नोटीस लागली. पहिली पिले उडाली आणि आठवड्यात पुन्हा गवत येऊ लागले, कारण चिमणी एका हंगामात दोन-तीनदा वीण घेते.

रीडिंग घ्यायला आलेल्या तरुणाने डब्यात डोकावले. आतून गवत बाहेर आले आणि त्यामागून नर बाहेर आला. तरुण म्हणाला, आकडे दिसत नाहीत, डबा साफ करून झाकण लावून घ्या. आजी म्हणाली, पिलं हायेत. तो म्हणाला, मग सरासरी बिल येईल. आजी म्हणाली, येऊ दे. यावर घरात रीतसर चर्चा झाली. भाच्याचे मत झाकण लावावे असे पडले, कारण दोन मोजे घातलेल्या गाडीचा तो मालक आहे आणि पाखरांविषयी त्याचे मन कलुषित झाले आहे. प्रबंधकार तटस्थ राहिला, संशोधकाने राहावे तसा. आजीने मत दिले नाही, तिने झाकण उचलून चुलीत घातले. प्लास्टिकचा धूर होतो हे तिला सांगेपर्यंत तो झालेला होता.